पाहुण्यांच्या सपाता

ओतिल्कानं दागमारच्या दारात बूट काढले आणि बोलता बोलताच, खाली न बघता, वाकून चपलांच्या कपाटाचं खालचं दार उघडलं, आत हात घातला आणि सपाता काढून पायात सरकवल्या. गर्द हिरव्या, लोकरीच्या, अंगठ्यापाशी विरलेल्या. तिच्या पाठोपाठ व्लास्तानं. तिच्या तपकिरी होत्या, आणि डावीची टाच चेंगरून पार सपाट झालेली होती, कारण वसतिगृहात होतो तेव्हापासून व्लास्ता डावी टाच कधी पुरती आत घालत नाही. किती जोड्यांची तिनं अशी वाट लावली असेल. एखादी बाई अंधारात आपल्या घरातला दिवा लावते तितक्या सहज हे झालं. मी बॅग खाली ठेवून तिची चेन अर्धी उघडली होती. आईनं बजावलं होतं की तिनं विणलेले मोजे या तिघींना दारातच द्यायचे, त्यांनी बूट काढले की लगेच, गार फरशीवर पाय पडायच्या आत. माझा हात चेनीवरच राहिला. "लीबा, तू टोपलीतल्या घे हं कुठल्याही," दागमार म्हणाली, आणि पाहुण्यांच्या सपातांची वेताची टोपली तिनं पायानं माझ्याकडे सरकवली. मी चेन पुन्हा लावली.

अशी टोपली प्रत्येक घरात असते, माझ्याही आहे. बूट दारात राहतात आणि आलेल्यानं टोपलीतली जोडी घ्यायची. पण ज्याची सपात कपाटात असते तो पाहुणा नसतो, घरचा असतो, आणि सपात घरची काही एका दिवसात होत नाही. अंगठ्यापाशी लोकर विरायला वर्षं लागतात. सकाळीच आमच्या प्रेरोवच्या स्टेशनवर गाडीत बसताना ओतिल्का मला म्हणाली होती, "दागमारचं घर कसं असेल गं? लिफ्ट आहे म्हणते, पण त्या लिफ्टचा काय भरवसा." आणि व्लास्ता म्हणाली होती, "असेल तसं असेल. एकदाचं बघायला मिळतंय हे काय थोडं झालं?" मी दोघींना घरून आणलेले कटलेटचे पाव काढून दिले होते. मी इतकी खूश होते की तिकीट तपासायला आलेल्या माणसालाही सांगून टाकलं, आम्ही वसतिगृहातल्या मैत्रिणी, पहिल्यांदाच चौघी मिळून प्रागला आठवडा काढणार आहोत, काहीसुद्धा करणार नाही. तो म्हणाला, मजा आहे बाई तुमची. तेव्हा या दोघी एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या होत्या. बाहेर मोहरीची पिवळी शेतं होती, मला वाटलं ती बघतायत.

माझ्या वाट्याला आलेल्या सपाता कुणातरी पुरुषाच्या मापाच्या होत्या. मी त्या ओढत दागमारच्या मागे घर बघत फिरले. तिनं घर दाखवलं ते मला एकटीला, आणि बाकीच्या दोघी मागून "वा, वा" करत होत्या, तेही जरा उशिरानं, पाठ केलेलं आठवून म्हटल्यासारखं. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण बाहेर, पडद्यामागे आहे. ओतिल्का हात धुवायला गेली तेव्हा तिनं पडद्यामागे हात घातला. मग एक क्षण थांबून मोठ्यानं विचारलं, "दागमार, बटण कुठंय गं?" दिवा तोपर्यंत लागला होता. मला हसू आलं असतं, ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर.

हा आठवडा आम्ही ठरवला तेव्हा अठरा-एकोणीसच्या होतो. ओलोमोत्सच्या वसतिगृहात चार पलंगांची खोली होती, आणि शाळेनं आम्हाला प्रागला नेलं होतं. सहलीची बाई घड्याळ हातात धरून पुढे, आम्ही मागे. पूल पळत, किल्ला पळत, नदी पळत. परतीच्या गाडीत पाय सुजलेले असताना दागमार म्हणाली होती की आपण चौघी एकदा परत येऊ आणि नुसत्या बसून राहू, सकाळची कॉफी दुपारपर्यंत पुरवू. चौघी, एकही कमी नाही. अशी वचनं त्या वयात माणसं वाऱ्यावर सोडतात. मग लग्नं झाली, दागमार प्रागलाच नांदायला गेली, ओतिल्काला जुळं झालं, व्लास्ताचा नवरा प्यायला लागला, माझं लग्न झालं आणि मोडलं. मग पोरं मोठी झाली आणि आम्ही खरंच निघणार, तर त्या मार्च महिन्यात आई स्वयंपाकघरात पडली आणि तिचा डावा हात आणि डावा पाय गेला. मी फोनवर रडले. दागमार म्हणाली, "अगं, रडतेस काय वेडे? प्राग कुठं पळून जातंय? आम्ही थांबतो." तो शब्द मी दहा-अकरा वर्षं पदराला गाठ मारून ठेवला. खोटं नाही सांगत, मला त्याचाच आधार होता. आईला कुशीवर वळवताना, चादरी उकळताना, इतरांच्या घरात लोक सुट्टीच्या बॅगा भरतायत हे जिन्यात ऐकताना मला वाटायचं, जगात तीन बायका अशा आहेत की ज्यांनी माझ्यासाठी एक गोष्ट बाजूला ठेवलीय आणि तिला हात लावलेला नाही.

दर मे महिन्यात दागमारचा फोन यायचा. "लेतनाच्या बागेत चेस्टनट फुललेत बघ. ओतिल्का, व्लास्ता विचारत होत्या, जायचं का. मी म्हटलं, लीबा नाही तर नाही." माझे हात आईच्या कामात असायचे म्हणून फोन मोठ्या आवाजावर करून मी पलंगावर, आईच्या उशीशी ठेवायचे. म्हणजे प्रत्येक शब्द आईलाही ऐकू जायचा. एकदा फोनमध्ये दागमारच्या मागे कुणीतरी हसलं होतं, आणि हसता हसता शिंकलं होतं. मी विचारलं, कोण आलंय? ती म्हणाली, रेडिओ आहे. ओतिल्का हसायला लागली की शेवटी शिंकते, वसतिगृहात आम्ही तिला मुद्दाम हसवून शिंका मोजायचो. हे मला तेव्हा आठवलं नाही. दागमारकडच्या पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी ओतिल्का कशाला तरी हसली आणि शिंकली, आणि माझ्या हातातला चमचा सूपमध्येच राहिला. म्हणजे ती तिथं होती. बहुधा याच खुर्चीत. मी प्रेरोवला आईची चादर बदलत होते आणि या तिघी इथं तोंडावर हात दाबून बसल्या होत्या.

"का गं, सूप खारट झालंय का?" दागमारनं विचारलं.

"नाही. छान आहे," मी म्हणाले.

मी काही बोलले नाही. का नाही, हे मला धड सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी वाटलं, माझी चूक होत असेल, पाहुण्यांच्याच असतील सपाता. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या कॉफीच्या दुकानात वाढणाऱ्या बाईनं व्लास्तासमोर न विचारता दूध वेगळं आणून ठेवलं. मग चूक होत असेल असंही म्हणता येईना. आणि खरं सांगू, ते दिवस सुंदर होते, हाच मोठा छळ होता. आम्ही ठरवल्याप्रमाणे काहीही करत नव्हतो. सकाळी उशिरापर्यंत झोपायच्या पोशाखात बसायचो, दागमार पावावर बटाट्याचं सॅलड, अंडं, काकडी रचून ताट भरून आणायची, ओतिल्का ताटातलं सगळ्यात मोठं उचलायची आणि व्लास्ता म्हणायची, "जुळी होऊन तीस वर्षं झाली, अजून दोघांचं खातेय." मी हसायचे. हसणं खरं असायचं आणि मग मध्येच खोटं व्हायचं. दुपारी नदीवर पायडलच्या होडीत बसायचो. ओतिल्का आणि मी पुढे, त्या दोघी मागे बसून आमच्यावर हुकूम सोडत. पाण्यावर ऊन, पुलावर माणसं, ओलसर लाकडाचा वास, पायांना तीच ती सोपी हालचाल. मी मनात म्हणायचे, हेच ते. हेच मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आणि लगेच दिसायचं, की यांनी ते दर वर्षी काढून वापरलंय आणि पुसून माझ्यासमोर कोरं म्हणून ठेवलंय. यांना प्रत्येक ठिकाणी नवल वाटल्यासारखं करावं लागत होतं, आणि ते करून करून त्याही दमल्या होत्या. संध्याकाळी तिघींचे चेहरे दिवसभर शाळेत शिकवून आल्यासारखे दिसायचे.

त्या गेल्या याचा मला राग नव्हता. हे कुणाला पटेल न पटेल. व्लास्ताच्या घरी जे चालायचं ते मला माहीत आहे, दारू, बंद दारं, सकाळी माफीची फुलं. वर्षातून एक आठवडा तिला इथं श्वास घ्यायला मिळाला असेल तर मी कोण नाही म्हणणार? मला सांगितलं असतं तर मी एक दिवस फुरंगटले असते, दुसऱ्या दिवशी म्हणाले असते, जा बायांनो, माझ्या नावानं एक बिअर प्या. पण त्यांनी मला न सांगायचं ठरवलं. तिघींनी बसून ठरवलं असेल, बिचारीला कशाला दुखवायचं. या बिचारी शब्दानंच माझं डोकं फिरतं. आजाऱ्याला आणि मुलांना सांगतात तसं त्यांनी मला सांगितलं, आणि मी चांगली मोठी बाई ते चाटून पुसून खाल्लं.

आणि आईनं खाल्लं. ते मला गिळता येत नव्हतं. आईला आधी मजा वाटायची. फोन ठेवला की म्हणायची, "तुझ्या त्या तिघी माझ्या मरणाची वाट बघतायत, लिबुश्का. आणि किती सभ्यपणे!" मी म्हणायचे, काहीतरीच काय बोलतेस. पण वर्षं गेली तशी तिची थट्टा कमी झाली. मे महिना जवळ आला की ती फोनकडे बघायला लागायची. "पुन्हा नाही गेल्या? माझ्यामुळे?" मग तिनं मोजे विणायला घेतले. बाबांचा करडा स्वेटर मी उसवून दिला. एक सुई ती निकामी हाताच्या बगलेत घट्ट धरायची आणि दुसरी उजव्या हातानं चालवायची, टाके गळायचे, पुन्हा उचलायची. तिघींच्या पायांची मापं तिनं मला विचारली. मला ती पाठ होती, आम्ही वसतिगृहात एकमेकींचे बूट घालून नाचायला जायचो. जाड मोजे झाले, थंडीतले. "दागमारकडे फरशी गार असेल," आई म्हणायची. "दारात बूट काढतील तेव्हा दे. आणि सांग, की म्हातारीनं तुम्हाला थांबायला लावलं, तिला माफ करा." गेल्या हिवाळ्यात तिसरी जोडी पुरी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती चमच्यासमोर ओठ मिटून घ्यायला लागली. मी रागावले, गोंजारलं, तिच्या आवडीची खसखस घातलेली खीर केली. ती म्हणाली, "पुरे आता. किती ताटकळत ठेवायचं त्या पोरींना?" डॉक्टर म्हणाले छातीत पाणी झालं, त्यानं गेली. असेल. डॉक्टरांना जास्त कळतं. पण तो मिटलेला ओठ मी पाहिलाय, डॉक्टरांनी नाही.

मी फुलं घेऊन उभी होते आणि तिघी तिच्या अंत्यविधीला आल्या होत्या, काळ्या कोटात, रडल्याही होत्या. दागमार माझ्या कानात म्हणाली होती, "आता तू मोकळी झालीस. आता जाऊ आपण. इतकी वर्षं थांबलो त्याचं चीज होईल." कबरीच्या कडेला उभं राहून. तिला काय माहीत, हे मी स्वतःला बजावत असते. तिला खरंच काय माहीत!

निघायच्या आदल्या दिवशी लेतनाच्या बागेत आम्ही दोघीच होतो, व्लास्ता आणि मी. चेस्टनटची पांढरी फुलं बिअरच्या मगात पडत होती, खाली नदी आणि एकामागे एक पूल. व्लास्ता बराच वेळ मगाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. तिघींत तीच मला नेहमी जवळची. ती म्हणाली, "लीबा, माणूस कधी कधी दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलून जातो. आणि मग ते मागे घ्यायला जागाच उरत नाही."

"बिअर कोमट होतेय," मी म्हणाले. "पी."

"तू ऐकतेस का?"

"ऐकतेय ना. पी म्हटलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग ती प्याली. मी तिला बोलू दिलं नाही, कारण ती बोलली असती तर मला तिला माफ करावं लागलं असतं. तिथंच, त्या फुलांखाली, रडून, गळ्यात पडून. आणि मग आईच्या वतीनंही मीच माफ करून मोकळी झाले असते. तो हक्क मला कुणी दिला? त्या रात्री मी मोजे बॅगेतून काढून हुंगले. त्यांना अजून आमच्या स्वयंपाकघराचा वास होता. देऊ नयेत, परत न्यावेत, असं मी ठरवलं. सकाळी उठले तेव्हा मात्र वाटलं, तिनं निरोप दिलाय. निरोप पोचवायचा असतो, घेणारा कसा का असेना.

शेवटच्या दिवशी जेवणं झाली, बॅगा दारात गेल्या, गाडीला अजून वेळ होता. दागमारनं कॉफी ठेवली. तिघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, सपाता खाली रांगेत, हिरव्या, तपकिरी, दागमारच्या निळ्या. मी मोजे आणून एकेकीच्या मांडीवर ठेवले.

"आईनं विणलेत," मी म्हणाले. "एका हातानं. तिनं सांगितलंय, की माझ्यामुळे तुम्हा तिघींना इतकी वर्षं थांबावं लागलं, त्याबद्दल मला माफ करा."

कॉफीचं भांडं गॅसवर फसफसलं तरी कुणी उठलं नाही. मला वाटलं, आता. आता कुणीतरी बोलेल. खरंच सांगते, मी तेव्हाही तयार होते. एक वाक्य पुरलं असतं.

दागमार म्हणाली, "अगं, असं काय म्हणाल्या त्या! त्यात कसली माफी? आणखी दहा वर्षं असती तरी थांबलो असतो आम्ही."

तिचा आवाज अगदी मऊ होता. तिला मला बरं वाटायला हवं होतं. ओतिल्का रडायला लागली आणि रडत रडतच घाईघाईनं मोजे पायात चढवू लागली, जणू ते घातले की सगळं फिटेल. मोजे तिला नेमके बसले. मग तिनं पाय खाली घेऊन सपातेत घातला. पाय आत जाईना. लोकर जाड होती आणि सपात तिच्या उघड्या पायाला वर्षानुवर्षं बेतलेली होती. तिनं मागं बोट घालून जोर केला, टाच दाबली, आणि रडता रडता हसून म्हणाली, "या माझ्या सपाता एवढ्या घट्ट कशा..." आणि थांबली. माझ्या. आठवडाभरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. दागमारनं डोळे मिटून घेतले.

व्लास्तानं मोजे घातले नव्हते. तिनं ते दोन्ही हातांत धरले होते. "तुला कधी कळलं, लीबा?"

"दारात."

"पहिल्या दिवशी? आणि आठवडाभर गप्प बसलीस?"

"तुमची सुट्टी होती," मी म्हणाले. "म्हटलं, बिचाऱ्यांना कशाला दुखवा."

ओतिल्का मोजे काढायला लागली. "हे आम्ही कसे घ्यायचे? सांग ना, कसे घ्यायचे आम्ही? लीबा, आईंना कळलं नाही ना गं? जाईपर्यंत त्यांना कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "ती तुम्ही थांबलात असं समजूनच गेली. म्हणून जरा घाईनं गेली."

हे मी मोठ्यानं बोलायचं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि मग खोलीत राहिलं. व्लास्तानं मोज्यांत तोंड लपवलं. कुणी माझ्याकडे यायला उठलं नाही, आणि बरं झालं उठलं नाही. मी दारात गेले, त्या मोठ्या सपाता काढल्या, जोडी नीट लावून टोपलीत ठेवली. बूट घातले, बॅग उचलली. मागून दागमारनं हाक मारली. मी दार लोटलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली उतरले. ठरलेली गाडी ओतिल्का, व्लास्ता आणि माझी एकच होती. मी आधीची पकडली.

डबा जवळजवळ रिकामा होता. मोहरीची शेतं आता विरुद्ध दिशेनं जात होती. रविवारी मला आईकडे जायचं आहे, लायलॅकची फुलं घेऊन. कबरीचा दगड पुसायचा, फुलांचं पाणी बदलायचं, आणि नेहमीसारखं थोडा वेळ बसायचं. ती जिवंत होती तेव्हा मी बाहेरून आले की पहिला प्रश्न तिचा असायचा, सगळं पोचवलंस ना नीट? आताही तेच विचारेल. मोजे बसले का म्हणेल. आणि त्या काय म्हणाल्या?

कोलीन स्टेशन मागे पडेपर्यंत मी खरं काय ते सांगायचं ठरवत होते. शब्द जुळवून पाहिले. मग मिटलेला ओठ डोळ्यांसमोर आला, आणि ती तिथं थंड जमिनीखाली पडून हे ऐकणार, आणि तिला कूससुद्धा बदलता येणार नाही, असं मनात आलं. बसले आई, मी सांगेन. तिघींनाही अगदी नेमके बसले. म्हणाल्या, आणखी दहा वर्षं थांबलो असतो.